रिकामा शॉट

३ मार्च, सोमवार

दुसरा पल्स पुन्हा फुकट! सकाळपासून अणू भरून एक शॉट, न भरता एक रिकामा शॉट, पुन्हा भरलेला, रिकामा. पहिल्या पल्सला अणू शहाण्या मुलांसारखे दाटतात. दुसऱ्याला — ढिम्म.

मॅडम शांत होत्या. त्या रागावल्या तर चालतं, शांत झाल्या की मी पुसलेलेच आरसे पुन्हा पुसायला लागते. जाताना एवढंच म्हणाल्या, "समिती अठ्ठावीसला येतेय गं." जसं काही मला ठाऊकच नाही! मॅडम या प्रयोगशाळेच्या प्रमुख, यंदा निवृत्त होणार. अठ्ठावीसला समितीला दुसरा पल्स दिसला तर ही तळघरातली खोली, हे टेबल, लेझर, सगळं माझ्या हाती. नाही दिसला तर आरसे खोक्यात, लेझर शेजारच्या विभागात, आणि मी घरी माशा मारत.

नवऱ्याने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

४ मार्च, मंगळवार

लेकीला शाळेत आईबाबांच्या कामाबद्दल बोलायचंय. "बाबा चष्मे करतो, ते सोपंय. तू काय करतेस?"

घ्या! सांगितलं — काचेच्या एका डब्यात आम्ही थोडे अणू ठेवतो. लेझरने त्यांना इतकं गार करतो की ते पळायचे जवळजवळ थांबतात. मग दोन बाजूंनी एकमेकांसमोर उजेड सोडला की डब्यात उजेडाच्या बारीक बारीक पट्ट्या तयार होतात. हा उजेड क्षणभरच लावायचा. त्यालाच पल्स म्हणतात. तेवढ्या वेळात प्रत्येक अणूला जवळच्या पट्टीकडे एक धक्का बसतो. उजेड बंद झाला तरी ते तिकडे सरकत राहतात आणि थोड्या वेळाने पट्टीच्या मधोमध गर्दी करतात. तशीच सोडली तर ही गर्दी एकमेकांतून आरपार जाते आणि पांगते. पण नेमक्या दाटलेल्या क्षणी दुसरा धक्का दिला, तर त्याहून जास्त दाटायला हवी.

"म्हणजे तू धक्के देतेस?"

— हो.

"बाईंना सांगू?"

ओट्याकडून नवरा ओरडला, "दुसरा धक्का दिला की ते ऐकत नाहीत, हेही सांग!"

हसलो सगळे. त्यालाच हसून म्हणता येतं हे. दहा वर्षांपूर्वी याच टेबलावर हाच दुसरा पल्स तो शोधत होता. मी नवी आले होते, त्याला आरसे पुसून द्यायचे. दोन वर्षं नाकी नऊ आले त्याच्या, पण टेंगूळ काही येईना. (टेंगूळ म्हणजे पडद्यावरच्या रेघेवरचा उंचवटा. अणू दाटले की येतो.) मग त्याची शिष्यवृत्ती बंद झाली. मामांचं चष्म्याचं दुकान होतं, तिथे जाऊन बसला. कधी कुरकुर नाही की टोमणा नाही. माझी त्याच्याशी ओळख या टेबलापाशी झाली, लग्न झालं, आणि आता त्याच्या स्टुलावर मी बसते.

इथे खरं लिहायला काय हरकत आहे? जमलं नाही तर नोकरी जाईल. जमलं तर त्याला जमलं नव्हतं हे सगळ्यांना नव्याने कळेल, त्यालाही. मला जमायला हवंय. अगदी हवंच आहे. आणि भीती वाटते.

६ मार्च, गुरुवार

घड्याळबुवाशी कडाक्याचं भांडण. हा माझ्या शेजारच्या स्टुलावरचा सहकारी. पल्सच्या वेळा तो लावतो, स्वतः मात्र रोज उशिरा येतो. मी म्हणते दुसरा पल्स जरा उशिरा दे, तो म्हणतो जरा लवकर. दिवसभर मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी दोघांचं एकमत झालं की मधली वेळच बरोबर होती. ती तर सोमवारचीच!

७ मार्च, शुक्रवार

ढिम्म.

१० मार्च, सोमवार

आज आईने एक शॉट वाया घालवला.

तळघरात मोबाइल लागत नाही. म्हणून आईला भिंतीवरच्या फोनचा नंबर दिलाय, "अगदी अडलं तरच कर" असं बजावून. आईचं रोज अडतं. आज भरलेला शॉट झाला, मी रिकाम्याच्या बटणाकडे हात नेतेय, तेवढ्यात खणखण!

"अगं, शिंप्याने यांच्या विजारीचा एक पाय आखूड केलाय. काय करू?"

— दुसराही करून घे.

"म्हणजे घोटे दाखवत फिरायचं का त्यांनी? काहीतरीच तुझं! बापाची जरा म्हणून काळजी नाही."

तिकडे घड्याळबुवा दोन्ही हात हलवतोय. त्याचंही बरोबर होतं. भिंतीवर मॅडमच्या अक्षरात मोठी पट्टी आहे: रिकामा शॉट पाठोपाठ! अणू किती दाटलेत ते आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. डब्यात एक मंद किरण सोडायचा. अणू जितके ओळीत दाटून बसतील तितका तो जास्त परततो. पण थोडा उजेड नुसत्या काचेवरूनही परततो. म्हणून नवे अणू न भरता सगळा खेळ पुन्हा एकदा खेळायचा, आणि त्यात जेवढा उजेड येईल तेवढा आधीच्यातून वजा करायचा. हा रिकामा शॉट. काच तापली की तिचा उजेड बदलतो, म्हणून भरलेल्याच्या लगेच मागून घ्यायचा. मॅडमचा नियम, वीस वर्षांचा.

शिंप्याचा निकाल लावून मी बटण दाबलं. वजाबाकी झाली. आणि पडद्यावर हे एवढं टेंगूळ!

घड्याळबुवा म्हणाला, "जोडी तुटली. काच तापली असणार. रद्द." नियमच आहे तसा. मी खोडून टाकला शॉट.

११ मार्च, मंगळवार

ढिम्म. आईला फोनवर ताकीद दिली. तिचा अबोला. (म्हणजे आज फक्त दोनदाच फोन, तेही घरी.)

१३ मार्च, गुरुवार

आईचा अबोला संपला! आणि नेमका भरलेल्या शॉटनंतरच संपला. शिंप्याने दुसरा पाय पहिल्याहून आखूड केलाय. "आता पहिला लांब दिसतो गं!" आई रडकुंडीला, मागे बाबा खो खो हसताहेत. मलाही हसू आवरेना, त्यामुळे फोन काही लवकर ठेवला गेला नाही.

रिकामा शॉट घेतला. टेंगूळ! सोमवारएवढंच!

घड्याळबुवा इतका वेळ स्टुलावर भिंतीला टेकला होता तो ताठ बसला. "तुझ्या आईचा फोन आला की अणू दाटतात," म्हणाला. मी म्हटलं, हे संशोधनाच्या पेपरात कसं लिहायचं?

१४ मार्च, शुक्रवार

वैज्ञानिक पद्धतीने जायचं ठरलं. सकाळी आईला फोन केला. "आई, आज मला तीन वेळा फोन कर. मी सांगेन त्या वेळेला."

"कोण आजारी आहे? खरं सांग."

— कुणी नाही गं!

"जावयांशी भांडलीस?"

समजावता समजावता तोंडाला फेस आला. शेवटी तयार झाली. तिन्ही फोन अगदी वेळेवर. पहिल्यात शिंपी, दुसऱ्यात शिंप्याची बायको, तिसऱ्यात काही विषयच उरला नाही तर कपड्यांच्या दोरीवर बसलेल्या कावळ्याचं वर्णन केलं. तीन फोन, तीन टेंगळं. मधले बिनफोनचे शॉट सगळे ढिम्म.

घड्याळबुवा फोनला नमस्कार करून घरी गेला.

१६ मार्च, रविवार

लेकीच्या वेण्या घालताना डोक्यात तेच. फोनने काय बदलतं? घंटा? तारेतली वीज? माझा आवाज? एक वेणी तिरकी झाली, तिने आरशात बघून कानठळ्या बसतील असा सूर लावला. सोडून पुन्हा घातली. तीही तिरकीच.

१७ मार्च, सोमवार

फोनमध्ये काही नाही! काहीच नाही!

सकाळी गेल्या गेल्या फोन काढून ठेवला. भरलेला शॉट घेतला आणि हाताची घडी घालून बसून राहिले. घड्याळबुवा म्हणाला, "काय करतेयस?" — आईशी बोलतेय, म्हटलं. तेवढा वेळ झाल्यावर रिकामा घेतला. टेंगूळ.

म्हणजे सगळं थांबण्यात होतं. कारण पाठोपाठ घेतलेला रिकामा शॉट रिकामा नसतोच! भरलेला शॉट झाल्यावर काही अणू डब्यात मागे रेंगाळतात. तेही नेमके सगळ्यात गार, सगळ्यात आळशी. लगेच पुन्हा पल्स दिले की ते दाटतात, आणि दुसऱ्या पल्सला तर सगळ्यात सुरेख तेच दाटतात. पहिल्या पल्सला त्यांचा वाटा बेताचा, म्हणून पहिला दिसत राहिला. दुसऱ्याला मात्र रिकाम्यातही टेंगूळ, भरलेल्यातही टेंगूळ, आणि आम्ही एकातून दुसरं वजा करून "ढिम्म, ढिम्म" म्हणत बसलो. आईचं बोलणं संपेपर्यंत ते आळशी निघून जायचे, डबा खराच रिकामा व्हायचा. काच तापते ती अगदी किरकोळ. तेही मोजून पाहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी आणि घड्याळबुवा टेबलाभोवती नाचलो. टेबलाला धक्का न लावता.

१८ मार्च, मंगळवार

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी उत्तरातून उत्तर वजा करत होते?"

मला वाटलं आता कोसळतात. तर हसायलाच लागल्या! चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग स्टुलावर चढून भिंतीवरची पट्टी स्वतः सोलून काढली. "चूक माझी होती हे पेपरात स्पष्ट लिहायचं," म्हणाल्या. "उगाच साखर पेरायची नाही." मी त्यांना मिठीच मारली. मॅडमना! त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या, मग पाठीवर दोनदा थोपटलं.

धीर धरवेना, तडक दुकानात गेले. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, ते जाईपर्यंत कसंबसं थांबले. मग सगळं एका दमात सांगितलं — शिंपी, विजार, कावळा. नवरा पोट धरून हसला. मग रिकाम्या शॉटचं सांगितलं. तो कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू बसवत होता, त्याचा हात थांबला. स्क्रू खाली पडला. दोघेही काउंटरखाली रांगलो. सापडला तरी तो थोडा वेळ खालीच होता.

"छान झालं," म्हणाला. "खूप छान झालं."

दुकान आज लवकर बंद केलं त्याने. वाटेत मी एकटीच बडबडत होते. नेहमी मध्ये मध्ये बोलणारा माणूस, आज नुसता हुं हुं.

२० मार्च, गुरुवार

तो फार चांगला वागतोय. माझे बूट पुसून ठेवलेले. लेकीला शाळेत सोडणं, आणणं, सगळं त्याच्याकडे. "तू फक्त तुझ्या अठ्ठावीसचं बघ." नवरा एकाएकी शहाण्यासारखा वागायला लागला की बाईने सावध व्हावं, असं आई म्हणते.

शेवटी विचारलंच.

— तुला वाईट वाटतंय?

"कशाचं?"

— मला जमलं त्याचं.

"वेडी आहेस का!" आणि हसला. हे काही उत्तर झालं नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडी रडले. याच टेबलाने त्याला बाहेर काढलं आणि मी त्याच्यासमोर त्याच टेबलाभोवतीचा नाच करून दाखवला. मला काही पोच म्हणून आहे की नाही?

२१ मार्च, शुक्रवार

तिसरा पल्सही लागला!! आणखी दाट. घड्याळबुवा आज वेळेवर आला होता. दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच.

२४ मार्च, सोमवार

लेकीचं शाळेतलं भाषण झालं. बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की छान बोलली, फक्त आईच्या कामाचा एकदा खुलासा करावा. भाषण असं होतं: "माझी आई लहान लहान लोकांना काचेच्या डब्यात कोंडते आणि धक्के देते. ते गर्दी करतात. मग तिला आनंद होतो."

नवरा बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. मला जरा हायसं वाटलं.

२६ मार्च, बुधवार

रंगीत तालीम. मॅडम समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि इतके वाकडे प्रश्न विचारले की परवा खरे अध्यक्ष आले तर मी त्यांना खाऊन टाकीन. भिंतीवर नवी पट्टी लावली, माझ्या अक्षरात: आधी थांबा.

आईला बजावलंय, अठ्ठावीसला फोन करायचा नाही. "एकदा म्हणतेस कर, एकदा म्हणतेस नको. शिंप्यासारखंच तुझं!"

२८ मार्च, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

पहिला पल्स, दुसरा पल्स, तिसरा पल्स. टेंगूळ, मोठं टेंगूळ, डोंगर. समितीतल्या सगळ्यात आंबट चेहऱ्याच्या बाईंनी स्वतःहून "पुन्हा दाखवा" म्हटलं. खोली आमची. टेबल आमचं. मॅडम गेल्यावर प्रमुख मी!

एकच काटा लागला. अध्यक्षांनी विचारलं, "हे आधी कुणी केलंय?" मॅडम म्हणाल्या, "बाहेर कुठे नाही. आमच्याकडे एकाने प्रयत्न केला होता. नाही जमलं." खरंच तर बोलल्या त्या. मी घाईने पुढचा शॉट लावायला घेतला.

घरी आले तर केक! त्यावर क्रीमने वेडंवाकडं टेंगूळ काढलेलं, नवऱ्याने. लेकीने टोक खाऊन टाकलं होतं. तो मला म्हणाला, "प्रमुखबाई, आमच्या दुकानात चष्म्याला सूट मिळेल." आणि मला घट्ट धरलं. नाही, हा माणूस जळणारा नाही. मीच खुळी. पण काहीतरी आहे. काहीतरी गिळून बसलाय.

२९ मार्च, शनिवार

सुट्टी, तरी मॅडमचा फोन. पेपर लिहायला बसल्यात! म्हणाल्या, "माझी चूक कुठवर पोचली होती तेही लिहायला हवं. जुने भरलेले शॉट सगळे यंत्रात आहेत. रोज सकाळी अणू भरण्याआधी यंत्र तपासायला घेतलेला पहिला रिकामा शॉट मात्र खराच रिकामा असायचा, त्याच्याशी ताडून बघते."

बघा की, म्हटलं. मी तेव्हा लेकीच्या फ्रॉकचा क्रीमचा डाग घासत होते.

३१ मार्च, सोमवार

नवऱ्याचं टेंगूळ होतं. दुसऱ्या पल्सचं, दहा वर्षांपूर्वीचं, माझ्याहून उंच आणि स्वच्छ. मॅडमनी नुसता पडदा माझ्याकडे वळवला.

धावत दुकानात गेले. गिऱ्हाइकासमोरच सांगून टाकलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. "तू इथे येऊन सांगितलंस ना, त्याच दिवशी कळलं मला," म्हणाला.

— मग बोलला का नाहीस?

"अठ्ठावीस तारीख तुझी होती."

तिथूनच मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, पेपरावर पहिलं नाव त्याचं. तो मागून नको नको म्हणत होता. मी पाठ फिरवूनच बोलत राहिले, कारण तो रडत होता, आणि मी ते बघितलेलं त्याला आवडलं नसतं.